परिषदेत निबंध मांडताना: पहिल्या वाक्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंतची तयारी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या गुणवत्तेचे काम करता करता मला २२ वर्षे झाली. त्यातली अलीकडची वर्षे आमच्या आणि शेजारच्या फाउंड्र्यांतील तरुण अभियंत्यांना तांत्रिक परिषदांसाठी तयार करण्यात गेली आहेत. या काळातला एक प्रसंग मला विसरता आलेला नाही. आमच्या एका सहकाऱ्याने दोन वर्षे राबून ब्लोहोल दोषावर, म्हणजे ओतलेल्या धातूत वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्यांवर, चांगले काम केले होते. परिषदेत त्याला १५ मिनिटे मिळाली आणि त्याने त्यात ४१ स्लाइड दाखवल्या. एकही प्रश्न आला नाही. नंतर चहाच्या वेळी त्याच सभागृहात बसलेल्या तिघांना मी विचारले, तेव्हा ‘वाळूबद्दल काहीतरी होते’ एवढेच त्यांना सांगता आले. काम खरे होते, आकडे पक्के होते, तरीही ते त्या खोलीतून बाहेर पडले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक सादरीकरण एकाच कसोटीवर पाहतो. सभागृहात नसलेल्या सहकाऱ्याला आपला श्रोता चहाच्या कपाबरोबर आपले म्हणणे सांगू शकेल काय? पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या या कसोटीसाठी आहेत, आणि त्या याच क्रमाने केल्यास वेळ वाचतो, असा माझा अनुभव आहे.

स्लाइड उघडण्याआधी एक वाक्य

बहुतेक जण तयारीची सुरुवात संगणकावर करतात आणि तिथेच चूक होते. पहिले दोन दिवस केवळ कागद घ्यावा आणि आपले संपूर्ण म्हणणे एका वाक्यात लिहावे. इथे विषय आणि विधान यांतला फरक नीट ओळखला पाहिजे. ‘ग्रीन सँड (ओलसर वाळूच्या साच्यातील) ओतकामातील ब्लोहोल दोषाचा अभ्यास’ हा विषय झाला. त्यातून श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. ‘पाळीच्या सुरुवातीला एकदा मोजण्याऐवजी वाळूतील ओलावा दर तासाला मोजू लागलो आणि ब्लोहोलमुळे बाद होणारी कास्टिंग (ओतीव भाग) निम्म्यावर आली’ हे विधान झाले. त्यात कोणी काय केले आणि त्यामुळे काय बदलले, हे दोन्ही आहे. शिवाय ऐकणारा त्यावर ‘आमच्याकडे असे होणार नाही’ असे म्हणू शकतो. ज्या वाक्याला कोणीही हरकत घेऊ शकत नाही, त्या वाक्यात बहुधा सांगण्यासारखे काही नसते.

हे वाक्य एका श्वासात म्हणता आले पाहिजे. मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो की ते घरी, आपल्या क्षेत्राशी संबंध नसलेल्या माणसाला ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून परत ऐका. बहिणीने किंवा वडिलांनी जे शब्द लक्षात ठेवले तेच शब्द बहुतेक वेळा मूळ वाक्यातील शब्दांपेक्षा सरस असतात, आणि ते निःसंकोच उचलावेत.

आपल्याच जिल्ह्यातील एका परिषदेचे उदाहरण या बाबतीत मला नेहमी आठवते. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. तिथे भाषणे झाली, ठराव झाले. तथापि शंभर वर्षांनंतरही कोल्हापुरातील सामान्य माणसाला त्या परिषदेतले एक म्हणणे ठाऊक असते: डॉ. आंबेडकरांच्या रूपाने तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, असे राजर्षी शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितले. त्या म्हणण्याचे मोल अर्थातच आपल्या तांत्रिक निबंधांपेक्षा कितीतरी मोठे आहे. पण सभेतून बाहेर पडलेले वाक्य माणसांच्या तोंडून किती दूर जाते, हे त्यातून दिसते.

समोर कोण बसले आहे

वाक्य ठरले की आयोजकांना दूरध्वनी करावा. वेळ किती आहे आणि त्यात प्रश्नोत्तरे धरली आहेत काय, सभागृहात किती माणसे बसतात, आपल्या आधी कोण बोलणार आहे, आणि बाकीचे वक्ते कोणत्या भाषेत बोलतात, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. भाषेचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. कोल्हापुरातील परिषदेला इचलकरंजी, सांगली आणि पुण्याबरोबरच बेळगाव आणि हुबळीकडचीही मंडळी येतात, आणि त्यांतील काहींना मराठी समजते पण भरभर बोललेली समजत नाही. अशा वेळी वाक्ये मराठी ठेवून आकडे आणि स्लाइडवरील मथळे इंग्रजीत ठेवण्याचा मार्ग मला योग्य वाटतो. पारिभाषिक शब्द मात्र कारखान्यात जे बोलले जातात तेच वापरावेत. कोअर, मोल्ड, पॅटर्न, लॅडल हे शब्द सगळ्यांच्या जिभेवर आहेत. व्यासपीठावर त्यांना नवे पर्याय घडवत बसल्यास श्रोता शब्दाचा अर्थ लावण्यात अडकतो आणि मागचे वाक्य हातून सुटते.

कोणत्याही परिषदेत आपल्यापेक्षा जास्त जाणणारे थोडे, शेजारच्या विषयातले बरेच आणि केवळ उपस्थित असलेले काही, असे श्रोते असतात. नवखा वक्ता नकळत पहिल्या गटाशी बोलतो, कारण त्याला त्यांची भीती वाटत असते. बोलावे दुसऱ्या गटाशी. पॅटर्न बनवणाऱ्याला किंवा मशीनिंगवाल्याला समजेल असे बोलले तर तज्ज्ञाला त्रास होत नाही. उलट त्याला आपले तर्क तपासायला उसंत मिळते.

रचना: कीर्तनाकडून घेण्यासारखे

रचनेसाठी परदेशी नमुने शोधण्याची मला कधी गरज वाटली नाही, कारण नारदीय कीर्तनाची बांधणी आपल्या सर्वांच्या कानावरून गेलेली आहे. नमनानंतर पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात आणि त्यातील विचार उलगडतात. मध्ये नामगजर होतो, तेवढ्यात मन विसावते. मग उत्तररंगात एखादे आख्यान येते आणि आख्यान संपता संपता तोच पहिला अभंग पुन्हा ऐकू येतो. त्या वेळी त्याचा अर्थ श्रोत्याला सुरुवातीपेक्षा खोल लागलेला असतो.

पंधरा मिनिटांच्या निबंधाला हीच बांधणी चालते. पहिल्या दोन मिनिटांत आपले विधान स्पष्ट शब्दांत सांगून टाकावे. निष्कर्ष शेवटी राखून ठेवण्याची सवय आपल्याला प्रबंधलेखनातून लागते. परिषदेत मात्र श्रोत्याला आपण कुठे जात आहोत हे माहीत नसेल तर वाटेतले आकडे त्याने कशाला जोडायचे? विधानानंतर चार-पाच मिनिटे पद्धत आणि पुरावा. त्यानंतर एक थांबा: एखादे छायाचित्र, एखादी वस्तू, किंवा नुसती शांतता. मग एकाच घटनेचे आख्यान सविस्तर सांगावे. कोणत्या पाळीत, कोणत्या कास्टिंगवर दोष सापडला, मोल्डिंगवरच्या कामगाराने काय सांगितले, आपली पहिली शंका कशी चुकीची ठरली आणि खरे कारण कसे हाती लागले. हे आख्यान खरे असावे आणि त्यात अपयशाचा भाग झाकू नये, कारण श्रोत्यांतील प्रत्येकाने तसे अपयश पाहिलेले असते आणि तिथेच त्याचा आपल्यावर विश्वास बसतो. अखेरीस पहिले विधान, शक्यतो त्याच शब्दांत, पुन्हा म्हणावे.

‘धन्यवाद’ लिहिलेली शेवटची स्लाइड मी काढायला लावतो. प्रश्नोत्तरांची सगळी मिनिटे पडद्यावर तीच उभी असते. त्या जागी आपले विधान आणि त्याला आधार देणारा एक आलेख ठेवला, तर तेवढा वेळ तो श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर राहतो.

स्लाइडवर काय असावे

या पायरीवर मला जरा जास्त थांबायचे आहे, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या कोलंबिया या अंतराळयानाने उड्डाण केले, तेव्हा बाहेरच्या टाकीवरील फोमचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या आघाताचे विश्लेषण करून ते स्लाइडवर मांडले. त्यांतील एका महत्त्वाच्या स्लाइडच्या मथळ्यावरून जुन्या चाचण्यांची माहिती दिलासा देणारी आहे असा ग्रह होत होता. सगळ्यांत खाली, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात, असे लिहिले होते की प्रत्यक्ष तुकड्याचे आकारमान सुमारे १९२० घन इंच आणि चाचणीतील तुकड्याचे ३ घन इंच होते. म्हणजे ज्या चाचण्यांवर विसंबायचे, त्यांतील तुकड्यापेक्षा खरा तुकडा ६४० पट मोठा होता. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताची कारणे अनेक होती आणि तो एका स्लाइडमुळे घडला असे म्हणता येणार नाही. तरीही चौकशी मंडळाला आपल्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा करावीशी वाटली, यात आपल्यासारख्या अभियंत्यांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

म्हणून पहिला नियम असा की स्लाइडचा मथळा हे पूर्ण वाक्य असावे आणि त्यात त्या स्लाइडचा निष्कर्ष असावा. ‘ओलावा व दोष’ या मथळ्याऐवजी ‘ओलावा वाढला त्या तासांत दोष वाढले’ असे लिहावे. त्याखाली त्या वाक्याचा पुरावा, म्हणजे एक आलेख किंवा एक छायाचित्र, एवढेच ठेवावे. मुद्द्यांखाली उपमुद्दे आणि त्यांखाली आणखी बारीक ओळी अशी उतरंड रचू नये, कारण महत्त्वाची गोष्ट तळाशी कधी गेली हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरा नियम असा की जे बोलायचे ते स्लाइडवर लिहू नये. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातून असे दिसले आहे की चित्राबरोबर बोललेले शब्द ऐकवले तर समजते, आणि तेच शब्द पडद्यावरही छापले तर आकलन बहुधा घटते. डोळे वाचत पुढे जातात, कान मागे राहतात आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. श्रोते घरी नेतील असा सविस्तर मजकूर हवा असेल तर त्यासाठी दोन पानांचे वेगळे टिपण छापावे आणि ते भाषणानंतर वाटावे.

देवनागरी मजकुराची काळजी वेगळी घ्यावी लागते. मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे रोमन अक्षरांना जो आकार पुरतो तो आपल्या लिपीला पुरत नाही. मजकूर २८ पॉइंटपेक्षा लहान करू नये आणि मथळा ३६ च्या पुढे ठेवावा, असे मी सुचवतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर त्या फॉन्टविना दुसऱ्या संगणकावर उघडला तर त्याजागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. एका परिषदेत वक्त्याला आपल्या सर्व स्लाइड तशा दिसताना मी पाहिले आहे. त्याने धीराने तोंडी भाषण केले, पण त्याचे सगळे आलेख शीर्षकाविना राहिले. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, फाइलमध्ये फॉन्ट अंतर्भूत करावा आणि शिवाय एक पीडीएफ प्रत जवळ ठेवावी. तांबड्या आणि हिरव्या रेषा शेजारी ठेवू नयेत, कारण काहींना त्यांतला भेद दिसत नाही. एक रेषा सलग आणि दुसरी तुटक काढली की प्रश्न मिटतो.

आकडे लक्षात राहतील असे

कोल्हापुरातील शाळकरी मुलालाही पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. पाणी किती घनमीटर वाहते, पाणलोटात पाऊस किती पडला, ही माहितीही उपलब्ध असते आणि तज्ज्ञांना ती लागतेच. लोकांच्या मनात मात्र हे दोन आकडे बसले आहेत, कारण त्यांच्यापुढे काय करायचे ते ठरलेले आहे: जनावरे हलवायची, सामान माडीवर न्यायचे, घर सोडायचे. २०१९ च्या महापुरात पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, हे ऐकताच इथल्या माणसाला स्पष्टीकरण लागत नाही, कारण ४३ ही खूण त्याच्याजवळ आधीपासून आहे.

आपल्या निबंधातही असेच करावे. आधी खूण द्यावी, मग आकडा. ‘बाद होण्याचे प्रमाण ४.२ टक्के झाले’ या वाक्याने कोणाचे लक्ष वेधले जाणार नाही. ‘पूर्वी शंभरातली नऊ कास्टिंग पुन्हा भट्टीत जात, आता चार जातात’ असे म्हटले की पाच कास्टिंगचे वितळवणे, त्याची वीज आणि मजुरी श्रोता स्वतःच मनात मांडू लागतो. संपूर्ण भाषणात असे तीन आकडे पुरेत. बाकीचे कोष्टक टिपणात जाऊ द्यावे.

जिथे वस्तू दाखवता येते तिथे आकड्याचीही गरज उरत नाही. चॅलेंजर या अंतराळयानाच्या अपघाताच्या चौकशीत ११ फेब्रुवारी १९८६ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या कड्याच्या, रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढल्यावर तो पटकन मूळ आकाराला येत नाही हे सर्वांसमक्ष दाखवले. आपल्याकडे तर वस्तूंची वाण नाही. मधोमध कापलेले सदोष कास्टिंग हातात धरून दाखवावे. मात्र बोलता बोलता ते श्रोत्यांत फिरवू नये. ते ज्याच्या हातात असते त्याचे कान बंद असतात. भाषण संपल्यावर टेबलावर ठेवावे, लोक आपणहून जवळ येतात.

तालीम

मनातल्या मनात वाचणे म्हणजे तालीम नाही. जीभ कुठे अडखळते हे मोठ्याने बोलल्यावरच कळते. मी स्वतः पहाटे रंकाळ्याच्या काठाने चालत संपूर्ण भाषण दोनदा म्हणतो; चालण्यामुळे श्वास लागतो आणि लांबलेली वाक्ये आपोआप उघडी पडतात. माझा मराठी बोलण्याचा शांत वेग मिनिटाला साधारण शंभर शब्दांचा आहे. प्रत्येकाने आपला वेग एकदा भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून मोजावा आणि त्यावरून मजकुराची लांबी ठरवावी.

मिळालेल्या वेळेपेक्षा तीन मिनिटे कमी तयारी करावी. सत्रे उशिरा सुरू होतात, उद्घाटन लांबते, आणि अध्यक्ष ऐनवेळी १५ मिनिटांची १० करतात. हे इतक्या नियमाने घडते की तो अपवाद मानून चालणार नाही. यासाठी आधीच दोन स्लाइडवर खूण करून ठेवावी, ज्या वगळल्या तरी विधान आणि आख्यान शाबूत राहील. वेळ कमी पडला म्हणून भरभर बोलू नये. ज्याने आधी ठरवून वगळले त्याचे भाषण पूर्ण वाटते. ज्याने वेग वाढवला त्याचे अपुरे वाटते, जरी त्याने सगळे सांगितले असले तरी.

निदान एक तालीम कोणाच्या तरी समोर, उभे राहून, रिमोट हातात घेऊन व्हावी. ऐकणाऱ्याला ‘कसे झाले?’ असे विचारू नये, कारण आपली माणसे ‘छान झाले’ असेच म्हणतात. ‘मी काय सांगितले ते सांग’ असे विचारावे. पाठांतर फक्त पहिल्या चार वाक्यांचे आणि शेवटच्या दोन वाक्यांचे करावे. छाती धडधडत असताना तेवढ्याचा आधार पुरतो आणि मधला भाग बोलल्यासारखा राहतो.

परिषदेचा दिवस

सत्राच्या आधी अर्धा तास सभागृहात पोहोचावे. एचडीएमआय आणि टाइप-सी जोडणी, तसेच जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीए अडॅप्टर, हे आपल्या पिशवीत असावे. फाइल पेनड्राइव्हवर आणि ईमेलमध्येही ठेवावी. सर्वांत मागच्या रांगेत बसून आपली सर्वांत दाट स्लाइड वाचता येते काय ते पाहावे. ध्वनिक्षेपकाजवळ उभे राहून एक वाक्य बोलून घ्यावे. पॉवरपॉइंट चालू असताना कीबोर्डवरील ‘बी’ ही कळ दाबली की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की परत येतो. आख्यान सांगताना मी हमखास असे करतो, आणि सगळे चेहरे पडद्यावरून वक्त्याकडे वळतात.

स्वागत, मान्यवरांची नावे आणि आभार यांचे सोपस्कार सूत्रसंचालक करतातच. वक्त्याने एका वाक्यात अभिवादन करून थेट विषयात शिरावे, कारण पहिल्या मिनिटात मिळालेले लक्ष नंतर मागून मिळत नाही.

प्रश्नोत्तरे

प्रश्न आला की तो आधी पूर्ण ऐकावा आणि मागच्या रांगांसाठी थोडक्यात मोठ्याने परत सांगावा. तेवढ्यात विचार करायला दहा सेकंद मिळतात. उत्तर माहीत नसेल तर ‘हे आम्ही मोजलेले नाही’ असे सरळ म्हणावे. आमच्या धंद्यात वाळू, धातू आणि हवा रोज बदलतात, त्यामुळे या उत्तराचा मान राखला जातो; ओढूनताणून दिलेले उत्तर मात्र समोरचा अनुभवी माणूस लगेच ओळखतो. एखादे ज्येष्ठ गृहस्थ प्रश्नाऐवजी स्वतःचा अनुभव सांगू लागले तर त्यांना अडवू नये; ते संपले की त्यांच्या म्हणण्यातील एक धागा पकडून आपल्या विधानाकडे यावे. आपल्याला नक्की विचारले जातील असे पाच प्रश्न आधीच काढून ठेवावेत आणि त्यांच्या उत्तरांच्या स्लाइड शेवटच्या स्लाइडनंतर जोडून ठेवाव्यात. त्यांचे क्रमांक कागदावर असले की क्रमांक टंकून एंटर दाबताच ती स्लाइड समोर येते.

त्याच संध्याकाळी, गाडीत किंवा घरी, आलेले सर्व प्रश्न वहीत उतरवावेत. पुढच्या निबंधाचा विषय बहुतेक वेळा त्यांतच असतो. आणि आठवड्याने त्या सभागृहात बसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला दूरध्वनी करून भाषणातले काय आठवते ते विचारावे. तो जे सांगेल ते पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेल्या वाक्याशेजारी तारखेसह लिहून ठेवावे. माझ्या वहीत अशा जोड्या आता बऱ्याच साठल्या आहेत, आणि नवा निबंध हाती घेताना मी आधी तीच पाने उघडतो.